कॉम्प्युटर मीच उघडला

त्रोयान, मेचा शेवटचा आठवडा

आदरणीय दोब्रीदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वाकून करणार होते, पण या आठवड्यात टेबलाखाली इतकी वाकले आहे की पाठीने संप पुकारलाय. तेव्हा उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घे. तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनीचा गुडघा? रूसेला नदीवरचे डास यंदाही वेळेवर हजर झाले असतील. आम्ही इथे मजेत आहोत. निदान मी आहे. नवरोबाला, मिन्कोला, अजून कुणी विचारलेलं नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'कॉम्प्युटर'मधलं 'कॉम्' म्हणते तोवर तुझं 'तरी मी सांगत होतो' सुरू होतं, मागून वहिनी 'जावयाला पाठवा, किरिलला पाठवा' म्हणून ओरडते आणि मला फोन ठेवावा लागतो. पत्रात कुणाला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. आधीच सांगून ठेवते: कॉम्प्युटरचा डबा मी उघडला, मीच मिटला आणि वेळ आली तर पुन्हा उघडेन. मला तिळमात्र पस्तावा नाही. किरिलला तर मुळीच पाठवू नकोस. मागे तो बिघडलेला टीव्ही बघायला आला तेव्हा मला रिमोटवरचं लाल बटण कशासाठी असतं ते समजावून गेला. मला!

झालं असं की एप्रिलपासून कॉम्प्युटरच्या पोटातून कुणी सुके अक्रोड फोडतंय असा आवाज यायला लागला. मग तो मध्येच थिजायचा. आमची राया तिकडे व्हॅलेन्सियात 'आ' म्हणायला तोंड उघडायची आणि ते तसंच उघडं राहायचं. रोज संध्याकाळी मी नातीला आपली अक्षरं शिकवते, हे तुला ठाऊक आहे. तिचा बाप स्पॅनिश, शाळा स्पॅनिश, कुत्रा स्पॅनिश. आपल्या बाजूने लढणारी मी एकटी. (अनेता माझीच मुलगी, पण घाईत असली की तीही फितूर होते.) मध्ये दोन-तीन दिवस कॉम्प्युटर बंद काय राहिला, पोरगी मला 'अब्वेला' म्हणाली. दादा, मी तिची आजी आहे. मी कुणाची अब्वेला नाही आणि होणारही नाही. (मिन्को म्हणाला, अर्थ तोच आहे. त्या दिवशी मी त्याला सूप वाढलं नाही.) त्यातून चोवीस मे, आपला अक्षरांचा सण, तोंडावर आला. तिथल्या बल्गेरियन शाळेत रायाने कविता म्हणायची, अनेताने फोन उंच धरायचा आणि मी इथे बसून बघायचं, असं ठरलं होतं. कविताही आईने आपल्याला शिकवलेली, अस्वल नाशपाती चोरतं ती. महिनाभर घोटून घेतली होती मी. आता एका डब्यापायी हे बुडू द्यायचं?

म्हणून डबा काखोटीला मारून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्लामेनकडे गेले. त्याने कान लावला आणि म्हणाला, "हार्डडिस्क गेली, आजी. हा डबा आता कोंबड्यांना द्या, आत अंडी तरी घालतील." मी म्हटलं, "कोंबड्यांना काय द्यायचं ते मी बघेन, तू नवी डिस्क दे." बसवून द्यायला तो दोन आठवडे मागत होता, म्हणजे सण उलटून गेल्यावर. मी म्हटलं, मीच बसवते. तर हसला. हसला, दादा! फर्निचरच्या कारखान्यात मी आयुष्यभर क्रेन चालवली. माणसांच्या डोक्यावरून भलेथोरले ओंडके फिरवले, एकाची टोपी हलली नाही. आणि हा मला बिस्किटाच्या पुड्याएवढी डिस्क बसवायला जमणार नाही म्हणून हसतो!

घरी आले, मिन्कोला खोलीबाहेर काढलं, जुनी डिस्क काढली, नवी बसवली. एक स्क्रू उरला. (उरतोच. कपाटं जोडतानाही उरायचा.) बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ उमटली. शब्दकोश काढून एकेक शब्द लावला, तर अर्थ निघाला की बूट सापडत नाही. आता कॉम्प्युटरला बूट कशाला हवा? दारातून मिन्को म्हणाला, "माझे मासेमारीचे देऊ का? एकच हवाय की जोडी?" मी दार लावून घेतलं.

मग पुन्हा टेबलाखाली. डिस्कला लावायच्या दोन वायरींपैकी एक लोंबतच राहिली होती. (हे प्लामेनला कळता कामा नये.) ती खोचली. तीच ओळ. दोन्ही काढून, फुंकर मारून परत खोचल्या. तीच ओळ. डब्याला एक चापट दिली, मग वाईट वाटून कुरवाळलं. तरी तीच ओळ. शेवटी प्लामेनशी भांडायला गेले. म्हटलं, "तू मला बिघडलेली डिस्क गळ्यात मारलीस." तर तो म्हणतो, "बिघडलेली नाही आजी, कोरी आहे. सुरू कसं व्हायचं ते सगळं जुन्या डिस्कवर होतं. ती तर तुम्ही काढून टाकलीत."

"मग हे विकताना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

असली उर्मट माणसं गिऱ्हाइकं कशी टिकवतात कोण जाणे.

तिथून तडक वाचनालयात गेले. तिथली इव्हेता गुणी मुलगी आहे, आपल्याला हसत नाही. ती म्हणाली, "नोनाकाकू, एक पेनड्राइव्ह आणा, त्यावर सगळं भरून देते. तो डब्याला खोचायचा आणि विचारेल त्याला हो म्हणत जायचं." घरातला एक लाल पेनड्राइव्ह नेला, तिने भरून दिला, आणि मी बसले हो म्हणत. दादा, मी आयुष्यात इतक्या वेळा कुणाला हो म्हटलं नव्हतं. लग्नात एकदाच म्हटलं, त्याचे परिणाम दाराशी उभे राहून फिदीफिदी हसत होते. बऱ्याच वेळाने एक निळी पट्टी भरत भरत पूर्ण झाली, खाली पुन्हा एक इंग्रजी ओळ आली, मला वाटलं अभिनंदन करत असेल. एंटर दाबलं. डबा बंद झाला, सुरू झाला आणि म्हणाला: 'स्वागत आहे! भाषा निवडा.'

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! परत सगळं हो म्हटलं, परत पट्टी भरली, परत अभिनंदन, परत स्वागत. असलं आदरातिथ्य मी जन्मात पाहिलं नाही. पाहुण्याला उंबऱ्यातच उभं करून पुन्हा पुन्हा या, या म्हणायचं आणि आत घ्यायचंच नाही. एकदा तर वैतागून हंगेरियन भाषा निवडली, म्हटलं बघू घाबरतो का. तो घाबरला नाही. मलाच 'हो' कुठलं आणि 'नाही' कुठलं ते कळेना. मिन्को म्हणाला, "किरिलला फोन लाव." मी म्हटलं, "त्यापेक्षा मी चालत व्हॅलेन्सियाला जाईन." आणि गेले असते, दादा, पाठ ठीक असती तर.

अशात सणाचा दिवस उजाडला. खिडकीखालून मिरवणूक चाललेली, पोरांच्या डोक्यांवर फुलांच्या माळा, बँड वाजतोय, आणि मी आत अंगावर गाऊन, केस पिंजारलेले, आणि समोर ते अभिनंदन. एवढ्यात मिन्को आत आला, डब्याचा लाल पेनड्राइव्ह उपटला, "माझी वस्तू मला न विचारता घेतेस?" म्हणाला आणि खिशात घालून चालता झाला. मी अशी किंचाळले की खाली बँडचा ढोल चुकला. संतापाने एंटरवर मूठ आपटली. डबा बंद झाला, सुरू झाला. या वेळी स्वागत नाही, भाषा नाही. पडद्यावर एक डोंगर आला, डोंगरावर ढग, आणि कोपऱ्यात घड्याळ. मला रडूच फुटलं. (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस.)

नंतर शब्दकोश घेऊन ती अभिनंदनाची ओळ लावली. लिहिलं होतं: पेनड्राइव्ह काढा आणि मग एंटर दाबा. असं असेल तर ते अगदी शेवटी, परक्या भाषेत आणि इतक्या बारीक अक्षरांत लिहायची रीत कुठली? चूक कुणाची ते तूच ठरव. मिन्को मात्र आता चौकातल्या कॅफेत बसून सांगतो की बायकोला आठवडाभर जमलं नाही ते आपण एका हाताने केलं. त्याने काही केलं नाही. त्याने पेनड्राइव्ह पळवला. दुरुस्ती माझी आहे.

आणि कार्यक्रम मी बघितला, दादा, पहिल्या मिनिटापासून. राया पांढऱ्या सदऱ्यात होती, केसांत लाल फीत. अख्खी कविता म्हणाली, एक शब्द चुकली नाही. तेव्हा यापुढे मला कुणी म्हणायचं नाही की नोनाने डब्यात हात घालू नये. माझं कुणावाचून काही अडलं नाही आणि अडणारही नाही. वहिनीला नमस्कार, तुला पुन्हा एकदा उभ्याने.

तुझी न ऐकणारी बहीण,
नोना

ता. क. खोटं कशाला बोलू, आवाज येत नाही. डोंगर दिसतो, राया दिसते, पण डबा मुका आहे. मी तिचे ओठ बघत इथून सगळी कविता सोबत म्हटली. नाशपातीच्या ओळीला तिचे ओठ थांबले. डोळे मोठे झाले. मी इथून जिवाच्या आकांताने ओरडले, "झाड हलवलं अस्वलाने!" आणि ओठ पुन्हा हलायला लागले. मला वाटलं देवच पावला. नंतर अनेताने कळवलं की त्यांचा आवाज मला येत नसला तरी माझा तिकडे सभागृहभर जात होता, अगदी सुरुवातीपासून. म्हणजे पुढच्या रांगेतल्या बाईला 'ए ढोली, डोकं बाजूला घे' म्हणाले तेही गेलं. ती तिथली मुख्याध्यापिका आहे. पण राया नंतर फोनवर येऊन म्हणाली, "आजी, तू ओरडलीस म्हणून आठवलं." 'आजी' म्हणाली, दादा.

ता. क. २ आता खरं काम. तो लाल पेनड्राइव्ह म्हणजे तू नवीन वर्षाला मिन्कोला दिलेला, तू अकॉर्डियनवर वाजवलेली गाणी भरून. इव्हेताने विचारलं होतं, "काकू, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल ना?" आणि मी हो म्हटलं. मिन्को तुझ्यासमोर तुझ्या वाजवण्याला नाकं मुरडतो, पण गाडीत दुसरं काही लावत नाही. वळणावळणाला तुझ्याबरोबर शिट्टी वाजवतो. गाडी शनिवारपर्यंत गॅरेजात आहे, रविवारी तो धरणावर मासे धरायला जाईल. त्याआधी तसाच लाल पेनड्राइव्ह, तीच गाणी भरून, गुपचूप पाठव. किरिलबरोबरच पाठव म्हणजे हरवणार नाही. आलाच आहे तर आवाजाचंही बघून जाईल. मात्र मी बोलावलं असं नाही. तो चेरी न्यायला आलाय.

ता. क. ३ गाडी आजच आली. मिन्को अंगणात तिच्यात बसून हाका मारतोय, "नोना, तुझ्या भावाचं काही ऐकूच येत नाही गं!" मी खिडकीतून सांगितलंय की दादा पहिल्यापासून हळूच वाजवतो. तेव्हा नवीन पाठवशील ते जरा जोरात वाजव.