पातेल्यावरचं कुंकू

२९ सप्टेंबर, सोमवार
कंपनीचे मालक गुरुमूर्ती सर, त्यांना माहितीपत्रकासाठी ओळ हवीय — आपला नवा कॅमेरा इतरांपेक्षा वेगळा कसा, एका वाक्यात. मी लिहिलं: इतर रोबोंच्या कॅमेऱ्यांना चकचकीत स्टील दिसत नाही, आमच्या कॅमेऱ्याला दिसतं. सर खूश. दिसतं का, ते अजून तपासायचंय!

३० सप्टेंबर
चेन्नईच्या टोकाला, आवडी गावात जाऊन गिऱ्हाइकाचं कँटीन पाहून आले. सांबाराची कमरेएवढी पातेली, मधून चिंचोळी वाट. त्या वाटेने आपला रोबो भाताची गाडी ढकलणार. तिथल्या स्वयंपाकीण कनकाअक्का वाटेकडे पाठ करूनच सांबार ढवळतात. मागून काही आलं तर कळतं का, असं विचारलं. म्हणाल्या, कॉफी घे.

१ ऑक्टोबर
आयुधपूजा. आज यंत्रं चालवायची नाहीत, पुजायची. सरांनी स्वतः सगळ्यांना चंदन-कुंकू लावलं — कॉम्प्युटर, रोबो, माझी स्कूटर. चाचणीच्या पातेल्यांना तर चहूबाजूंनी. रोबोच्या चाकांखाली लिंबं. कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट टेकवणारच होते, तेवढं मी वाचवलं.

२ ऑक्टोबर
विजयादशमी, मुहूर्ताची चाचणी. रोबो एकेका पातेल्याला वळसा घालून गेला! सरांनी सगळ्यांना प्रसादाचं सुंडल, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, वाटलं. माझं वाक्य छापायला गेलं.

४ ऑक्टोबर
एक पातेलं कुणीतरी घासून ठेवलं होतं. रोबो सरळ जाऊन त्यावर आदळला. परत चालवून पाहिला, परत आदळला.
कारण साधं आहे. कॅमेऱ्याला दोन डोळे. एकच खूण दोन्हीत सापडली की त्याला अंतर कळतं. कोऱ्या स्टीलवर खूणच नसते, नुसती चकाकी. परवा तो पातेली बघत नव्हता, कुंकवाचे ठिपके बघत होता. म्हणजे आमचाही इतरांसारखाच आंधळा. कनकाअक्कांची पाठ डोळ्यांसमोर आली.

६ ऑक्टोबर
सरांना सगळं सांगितलं. ही ऑर्डर गेली तर कंपनीला टाळं, हे त्यांनी बोलून दाखवायची गरज नव्हती. मग म्हणाले, "बुधवारी कँटीनचे पाहुणे चाचणी बघून जाईपर्यंत असू दे अम्मा. पूजेचं कुंकू कोणी पुसतं का?"
दोष नंतर सुधारू म्हणे. मी म्हटलं, कँटीनमध्ये पातेली रोज घासतात. त्यांनी मला पंखा वाढवायला सांगितलं.

७ ऑक्टोबर
आईने फोनवर विचारलं, आवाज असा का. म्हटलं, इथे मांबलमला उकडतंय.

८ ऑक्टोबर, बुधवार
पाहुणे खुर्च्यांवर बसले. रोबो सुरू करायच्या आधी मी उठले, ओलं फडकं घेतलं आणि पातेली पुसायला लागले.
शेवटचं पातेलं सरांनी पुसलं. स्वतःच्या रुमालाने.