मराठीत अर्थ सांग

बाबा,

परवा मी एक पुस्तक वाचून संपवलं आणि ते मला फार आवडलं. एवढं साधं वाक्य तुम्हाला सांगायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि तोवर तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली. ढगांवर वसलेल्या एका गावाची प्रेमकथा आहे. तिथे माणसांना पंख असतात आणि एक बाई तुटके पंख सांधून देते. तिच्याकडे शत्रूच्या फौजेतला जखमी शिपाई येतो आणि पुढे जे व्हायचं ते होतं. तुमचा जन्म विमानांच्या कारखान्यात गेला. पंख पाठीला नेमके कुठे जोडलेत, एवढंच तुम्ही विचारलं असतंत. पुस्तकात ते दिलंय. पण मी तुम्हाला सांगणार नाही.

कारण मी नववीत असतानाचा तो रविवार. क्वार्टर्सच्या गेटासमोरच्या लायब्ररीतून मी एक इंग्रजी प्रेमकथा आणून उशीखाली ठेवली होती. तुमच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आलेली. आई पुऱ्या तळतेय, मी ताटं मांडतेय, आणि तुम्ही ते पुस्तक घेऊन बाहेर येता. रागावला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही हसत होता. ‘आमच्या बाईसाहेबांचा अभ्यास बघा,’ म्हणालात, आणि मधलंच पान उघडून सगळ्यांसमोर मला वाचायला लावलंत. इंग्रजीत मी कसंबसं वाचलं. परक्या भाषेत ओठ हा नुसता एक शब्द असतो, स्पेलिंगसकट पाठ केलेला. मग तुम्ही म्हणालात, ‘छान. आता मराठीत अर्थ सांग.’

मराठीत आपण भाजीत मीठ कमी आहे म्हणायचो, संध्याकाळी स्तोत्रं म्हणायचो. त्या भाषेत, त्याने तिला जवळ ओढलं, हे मी तुमच्या साहेबांसमोर कसं म्हणणार होते? तुम्ही वाट बघत उभे राहिलात. शेवटी मी म्हटलं. सगळे पोट धरून हसले. आई झारा हातात घेऊन दारात आली आणि तशीच परत आत गेली. पुढे कित्येक वर्षं त्यातले एक काका मी दिसले की ‘काय, मराठीत अर्थ?’ एवढंच विचारायचे, आणि तुम्ही दर वेळी नव्याने हसायचात. मला अजून त्याचा संताप येतो. लिहून हलका होईल असं वाटलं होतं, पण तो वाढतोच आहे.

त्यानंतर मी चित्रांच्या कादंबऱ्यांकडे वळले. लोकांना वाटतं मला चित्रकलेची आवड आहे. खरं कारण असं की चित्र कुणी मोठ्याने वाचायला लावू शकत नाही. हल्लीच एक वाचली, तिच्यात अख्खं प्रकरण शब्दाविना आहे. म्हातारं जोडपं नव्या घरात सामान लावतं, कपाटावरून भांडतं आणि शेवटी एकाच खोक्यावर बसून चहा पितं. मी ते पुन्हा पुन्हा बघते. पण लेक लहान असताना तिला मी गोष्ट कधी वाचून दाखवली नाही, चित्रावर बोट ठेवून गप्प बसायचे. तिचं काय चुकलं होतं? नवऱ्याशी प्रेमाचं बोलायची वेळ आली की मी ‘लव्ह यू’ म्हणून फोन ठेवते. मराठीत त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही. ही तुमची कमाई आहे, बाबा.

इथे सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आम्ही काही मराठी बायका महिन्यातून एकदा जमतो आणि काय वाचलं त्यावर गप्पा मारतो. काल मी त्या पंखवाल्या बाईबद्दल बोलले. आवडलेला तुकडा वाचाच, असा आग्रह झाला. मी मान खाली घालून इंग्रजीत वाचला. आमच्यात एक आजी आहेत, त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. त्या म्हणाल्या, ‘अक्का, तुमचं इंग्लिश फार पळतं. स्वल्प मराठीत सांगा की. मग काय केलं त्यानं?’

मी पुस्तक मिटलं. आजींच्या तोंडावर चेष्टा नव्हती, त्यांना नुसतं पुढचं ऐकायचं होतं. आणि तुमचा इतका राग आला मला, की मी सांगूनच टाकलं. तिने शेवटचा टाका घातला, आता जा म्हणाली, पण तो उडाला नाही. वळला, तिचा चेहरा ओंजळीत धरला, तिच्या ओठांवर ओठ टेकले, आणि तिनेही त्याला सोडलं नाही. सगळं मराठीत सांगितलं, घसा न खाकरता. ‘सरी, बरं केलं तिनं,’ आजी म्हणाल्या, ‘शाणी आहे पोरगी.’ मग चहा आला.

सांगून झाल्यावर मी मान वर केली, ती तुम्ही कुठे बसून हसताय का हे बघायला. तुम्ही नव्हता. आणि तुम्ही गेल्यापासून काल पहिल्यांदाच, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं. हे आईला सांगता येणार नाही, लेकीलाही नाही. सांगावं असं दुसरं कुणी सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहिलं.