क्लीनचं पान

३ मार्च
मॅन्युअलमधलं क्लीनचं पान अजून अर्धवट. आमचं टूल कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बांधतं आणि ‘क्लीन’ म्हटलं की बांधलेलं पुसतं — लिहायचं एवढंच. सकाळपासून दोन ओळी. नवरा जाऊन सत्तर दिवस झाले. लोक विचारतात, कशी आहेस? बरी आहे म्हणते. खरं तर काहीच वाटत नाही.

४ मार्च
भावजींचा फोन. “वहिनी, दादाचं दवाखान्यातलं काम सोमवारी येऊन घेऊन जातो. टूलवाले सगळे त्याचीच वाट बघतायत.” ते काम फक्त ह्याच्या लॅपटॉपवर आहे. तीन आठवडे पलंगावर बसून टकटक चालायची. डबा घेऊन गेले की म्हणायचा, “थांब जरा, होतच आलंय.”

६ मार्च
टूल वापरणाऱ्या एकाची तक्रार — क्लीन न विचारता फोल्डरमधलं सगळंच पुसतं, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं नाही. माझा नियम असा, की कमांड आधी स्वतः चालवून बघायची, तीही रिकाम्या फोल्डरात, मगच लिहायची. टूलची नवी आवृत्ती ह्याच्याच लॅपटॉपवर, म्हणून तो उघडला. रिकामा फोल्डर करायचा राहिला. ह्याच्या कामाच्याच फोल्डरात एंटर दाबलं.

तक्रार खरी निघाली! ह्याचं सगळं काम गेलं. नऊ वर्षं हेच लिहितेय — आधी नीट वाचा, मग चालवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रडू येईल म्हणून बसून राहिले. आलं नाही. मग पानावर ठळक अक्षरांत सूचना टाकली आणि भांडी घासली.

७ मार्च
काही नाही.

९ मार्च
भावजी आले. दारातच सांगून टाकलं, नाहीतर धीर झाला नसता. चिडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, “पुसलेलं कधी कधी परत मिळतं, वहिनी. आता त्याला हात लावू नका.” लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

१२ मार्च
भावजींचा फोन. फायली सगळ्या मिळाल्या! मग म्हणाले, “शेवटचा बदल दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा आहे. त्यानंतर दादाने एक ओळही लिहिलेली नाही.”

तीन आठवडे नुसती बोटं चालवत होता — मी घाबरू नये म्हणून. फोन चालू असतानाच रडायला लागले.