बाहीवरचा डाग

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, मुलींच्या शाळेतली निवृत्त शिवणशिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. मला सध्या फार किळस आली आहे. पण किळस म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असं आमच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे. दाखला जोडला आहे.

१. दोन खोल्यांची राहती जागा आणि बँकेतली ठेव माझ्या धाकट्या बहिणीला. तिने कुंड्यांना पाणी घालावं आणि मुलाच्या सांगण्यावरून कुठेही सही करू नये.

२. पायाचं शिलाई मशीन शाळेच्या शिवणवर्गाला. अडलं तर त्याच्यावर चिडू नये, तेल घालावं.

३. बहिणीच्या मुलाचा तयार कपड्यांचा धंदा आहे. त्याने मला वाढदिवसाला दिलेलं जाकीट किमतीच्या चिठ्ठीसकट त्याला परत द्यावं. दुसरं काही नाही. कारण लिहून ठेवते, नाहीतर मावशीचं डोकं फिरलं म्हणेल.

माझा थोरला भाऊ अठराव्या वर्षी पंक झाला. परदेशी मासिकातले पंक गायकांचे फोटो बघून त्याने आणि तीन मित्रांनी जुनी जाकिटं फाडली आणि सेफ्टी पिनांनी जोडली. मी कॉन्व्हेंटमधली, मोजे गुडघ्यापर्यंत ओढणारी; रस्त्यात दादा दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जायची. एका दुपारी बसथांब्यावर कडक इस्त्रीच्या शर्टांतल्या मुलांनी, केवळ त्या कपड्यांवरून, त्याला फुटकी बाटली मारली. दंड डॉक्टरांनी शिवला, बाही मी, सिस्टरांनी शिकवलेल्या काजाच्या टाक्याने. रक्ताचा डाग काही निघेना.

"राहू दे गं चिमणे," दादा म्हणाला, "तुझ्या शिवणाला दृष्ट नको लागायला."

दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी भाच्याने दादाचं ते जाकीट "फक्त फोटो काढायला" नेलं आणि आठवड्यात परत केलं. मग एकदा बसमध्ये समोरच्या मुलीच्या दंडावर मला माझा टाका दिसला. मशीनने मारलेला. त्याच्याखाली डाग, तपकिरी, छापलेला.

"हे काय लागलंय, बाळ?"

"डिझाइन आहे, काकू. कितीही धुवा, जात नाही!"

पुढच्या थांब्यावर उतरून मी गटारापाशी ओकले.

भाच्याला जाब विचारला. "मावशी, जगभर असंच चालतं. पंकांच्या पिना, हिपहॉपवाल्यांच्या ढगळ पँटी, स्केटबोर्डवाल्यांचे बूट. आधी गल्लीत, मग दुकानात. याला ट्रिब्यूट म्हणतात."

"ट्रिब्यूट मला सिस्टरांनी शिकवलंय. त्यासाठी आधी मान खाली घालतात."

पिना दुकानात गेल्या याचं मला दुःख नाही. पोरं एकमेकांचं बघूनच नटतात. दादाही बघूनच नटला. पण मार खाल्ला तो त्याने. भाच्याने त्या छापील जाकिटांतलंच एक मला वाढदिवसाला दिलं, आणि आता त्याला मूळ जाकीट नव्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवायचं आहे.

४. ते जाकीट. त्या चौघांचा नियम होता: प्रत्येकाच्या जाकिटावर बाकीच्यांनी आपलं एकेक ठिगळ शिवायचं, आणि कुणी मेलं की ज्याने त्याने आपलं ठिगळ उसवून न्यायचं. मागे जाकीट उरता कामा नये. दादा गेल्यावर तिघं आले: गॅरेजवाला, ड्रमवाली आणि ज्याला सगळे काडी म्हणतात तो. मी म्हणाले, "हरवलं." मला ते अख्खं हवं होतं. अख्खं राहिलं म्हणूनच भाच्याच्या हाती लागलं, आणि कपाट मीच उघडून दिलं. त्यामुळे ही किळस निम्मी माझ्या वाटणीची.

तरी माझ्या मृत्यूनंतर तिघांना बोलावून आपापली ठिगळं काढून घेऊ द्यावीत आणि मी खोटं बोलले होते, हे वाचून दाखवावं.

कलम चारचा हा शेवटचा परिच्छेद रद्द. सहीआधी सगळं मोठ्याने वाचलं, तेव्हा साक्षीदार बाई म्हणाल्या, "अहो, मेल्यावर कशाला? ती माणसं काय तुमच्यासाठी थांबणार आहेत? फोन लावा की!"

लावला. काडी आता आजोबा आहे. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "रविवारी येतो तिघं. कात्री तुझी, चष्मे आमचे."

ठिगळं त्यांची ते उसवतील. बाहीचे टाके माझे आहेत.

सही: (निवृत्त शिवणशिक्षिका). खाडाखोडीवरही सही केली आहे.
साक्षीदार: १. खालच्या औषधाच्या दुकानातल्या बाई. २. दाखला देणारे डॉक्टर.
ठिकाण: राहतं घर, शिवणाचं टेबल.
तारीख: ९ मार्च २०२३, गुरुवार.