ओळखीचे रंगारी

नाना, आज सर्वपित्री अमावस्या. तर्पण आटोपून जळगावच्या घरी तुम्हाला लिहावयास बसलो आहे. ओंजळीतले तीळ-पाणी सोडताना 'माझे वडील' असे उच्चारावे लागते, आणि तिथे दरवर्षी माझी वाचा अडखळते. कारण तुम्ही जाणता.

मी पीएच.डी. करीत असताना, त्या दिवशी तुम्ही धुळ्याहून पहिल्या एस.टी.ने आमच्या प्रयोगशाळेत आलात. हातात आईने दिलेला डबा, नखांत सूत रंगवण्याच्या कढईचा किरमिजी रंग. रंगाचे रेणू डीएनएच्या धाग्याला किती घट्ट बिलगतात आणि बिलगताना किती उष्णता टाकतात, हे मी मोजत होतो. रंग अधिक धरावा म्हणून द्रावण तापवीत होतो, आणि महिनाभर तो कमीच धरत होता. इतक्यात आमचे मार्गदर्शक सर आत येतात, तुमच्या बोटांकडे पाहतात. "हे कोण?"

"धुळ्याचे ओळखीचे रंगारी आहेत, सर," मी म्हणतो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाही. "हा साहेब," हसून म्हणालात, "वळख जुनी शे." मग काचेच्या नळीत डोकावलात. "भाऊसाहेब, ते खाले उतारा. तापाडं तं रंग हिंडस, धरत नही. आमी सूत कढईमाच थंडं व्हऊ देतस. घाई करी तं बठ्ठा रंग पानीमा."

पोटच्या पोराला भाऊसाहेब. माझे असत्य माझ्यासाठी तुम्ही शेवटपर्यंत निभावलेत, आणि डबा टेबलावर ठेवून एकटेच स्टँडकडे निघालात.

घाई केली तर सगळा रंग पाण्यात, हे तुमचे बोल आठवून दुसऱ्या दिवशी मी द्रावण निवू दिले, आणि रंग धरू लागला. बिलगताना जो स्वतःच उष्णता टाकतो, त्याला बाहेरून तापवले तर तो सुटणारच. एवढे साधे होते ते. प्रबंधात मी हे समीकरणांनी सिद्ध केले आणि आभार सरांचे मानले. पितृऋण फिटत नाही असे शास्त्र सांगते. मी तर ते मान्यही केले नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. आता सरही नाहीत. ज्यांच्यासमोर 'हे माझे वडील' म्हणायचे होते, ते स्थानच उरले नाही.

हे पत्र गिरणा नदीत सोडणार होतो. पण शाई सुटेल, म्हणून पोथीत ठेवतो. एक मात्र कुणाजवळ बोललो नाही. त्या डब्यात वांग्याचे भरीत आणि पुऱ्या होत्या, दोघांना पुरतील इतक्या. तुम्ही माझ्यासोबत जेवायला आला होतात. मी ते सारे एकट्याने संपवले, नाना, आणि मला ते गोड लागले.