स्वप्नाचा प्रवेश आणि सटवाची मेंढरं

१५ एप्रिल
परवा नातीची, स्वप्नाची, शाळाप्रवेशाची मुलाखत. मांजरसुंब्याकडच्या त्या वॉल्डॉर्फ शाळेत म्हणे लहान पोरांना पाटी नाही, पुस्तक नाही. माती, गाणी, लोकर विणणं. मराठी, हिंदी, इंग्रजी — तिन्ही गाण्यांतूनच! मग विचारणार तरी काय? मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. पण भाषा शुद्ध लागते, एवढं मलाही कळतं. नातीला महिनाभर घोकवतोय. 'न्हाई' नाही, 'नाही'. 'हाय' नाही, 'आहे'. चुकली की तिथंच थांबवतो. सून संगीता म्हणाली, "आबा, लेकरू धसकलंय हो." तिला काय कळतंय!

१७ एप्रिल
घात झाला! शाळेतल्या बाईंनी जवळ बसवून गोडीनं विचारलं, "स्वप्ना, घरी कोण कोण आहे?" पोरगी गप्प. माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची, पुन्हा गप्प. मागून खुणावलं तर मानच खाली घातली.

आणि तो सटवा मेंढपाळ! त्याची नात बबिता बाईंना सरळ म्हणाली, "आमची मेंढी व्याली, बगायला येती का?" बाईंना 'येती का'! अन् बाई हसून म्हणतात, "येते की!" बबिताला प्रवेश. आम्हाला — "स्वप्नासाठी थोडं थांबू या."

जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल
सटवाची मेंढरं माझ्याच रानात बसली आहेत. खतासाठी दर उन्हाळ्यात मीच बोलावतो. बांधावर भेटला. "विठ्ठलराव, आमच्या बबीनं लई तोंड चालवलं बगा तितं! मलाच लाज वाटली."
लाज म्हणे! सगळे दात दिसत होते.

२० एप्रिल
बबिताला शाळेसाठी घोंगडीची पिशवी शिवलीय त्यानं. हिरवा गोंडा. मी बघितलंसुद्धा नाही.
दोनदा बघितलं.

२४ एप्रिल
स्वप्ना घरात तोंड उघडत नाही आणि दिवसभर त्या मेंढरांत! नात माझी, रान माझं, आणि लळा सटवाचा? सरळ जाऊन सांगितलं, "उद्या मेंढरं हलव."
"कावून? आजून अर्धं रान बसायचं हाय की!"
"माझं रान हाय, माझी मर्जी!"
रागात 'हाय' निघून गेलं. स्वप्ना शेजारीच उभी होती. बघतच राहिली माझ्याकडे.
सटवा एवढंच म्हणाला, "उद्या शाळंच्या बाई येणार हायती कोकरू बगायला. त्या जाऊ द्या, मग हलवतो."

२५ एप्रिल
बाई आल्या. मी बाभळीआड थांबलो. सटवानं बबिताला मागं घेतलं आणि स्वप्नाला पुढं केलं — "बाई, कोकराचं समदं हिलाच म्हाईत हाय. हिला इचारा."

स्वप्नानं कोकरू मांडीवर घेतलं. "ह्याला माय पाजत न्हाई. मी बाटलीनं पाजते. लई लाथा मारतंय बगा! आमचे आबा बी असंच करत्यात, दूध नको असलं की!" बाई ढेकळांत बसून पोट धरून हसत होत्या. स्वप्नाचा हात थांबत नव्हता, तोंड थांबत नव्हतं. माझ्या नातीला असं बोलता येतं, हे सटवाला आधीपासून ठाऊक होतं! इतका जळफळाट जन्मात झाला नव्हता.

जाताना बाई मला म्हणाल्या, "जूनपासून पाठवा तिला. घरची बोली अशीच राहू द्या. आम्ही तिच्याच आधारानं बाकीच्या भाषा शिकवतो."

संध्याकाळी रानात गेलो. सटवा खुंट्या उपटत होता. आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "ऱ्हाऊ दे मेंढरं." त्यानं खुंटी पुन्हा ठोकली.

२६ एप्रिल
सकाळी स्वप्ना हळूच माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "आबा, तुमच्यासंगं कोणतं बोलू? 'नाही' का 'न्हाई'?"
"आधी सांग, कोकरू कसं हाय?" मी म्हणालो.