कोटाखालच्या चपला

२ नोव्हेंबर, तोंडवली
कोटाचा डावा खांदा आज तिसऱ्यांदा उसवला. गिऱ्हाइकाचा असता तर पहिल्याच फटक्यात बसला असता. पन्नास वर्षं मालवणच्या बाजारात बसून नवरदेवांचे, वकिलांचे, हेडमास्तरांचे कोट शिवले. स्वतःसाठी हा पहिलाच. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हे या वयात कळलं. सौ.ने टेप धरली. "श्वास सोडा आधी. पोट आत कित्याक घेतात?" श्वास सोडला.

संध्याकाळी संदेशचा फोन. त्याच्या बोटीवर (तो क्रूझ म्हणतो, मी बोटच म्हणणार) सात दिवसांत दोन संध्याकाळी 'फॉर्मल'. कोट, टाय, बंद बूट. नसेल तर मोठ्या जेवणघरात प्रवेश नाही. आणि अडवणार कोण? तर आमचाच चिरंजीव. दारात उभं राहून माणसाचा पोशाख बघायचा आणि चुकला असेल तर गोड बोलून मागे पाठवायचं, ही त्याची नोकरी. अठरा वर्षांत पहिल्यांदा आईबापांना न्यायचा पास मिळालाय. पुन्हा मिळेल की नाही, सांगता येत नाही म्हणाला.

"बाबानू, अठरा वर्षां दुसऱ्यांच्या बापाशींक खुर्ची ओढून दितंय. एकदा तुमका देऊची आसा."

फोन ठेवल्यावर डोळे पुसले. खोटं कशाला लिहू.

५ नोव्हें.
बुटांसाठी कुडाळ. तीन दुकानं पालथी घातली. पाय जातच नाही. पन्नास वर्षं पायडल अनवाणी मारलं. चप्पल घालून मारलं तर मशीनचा वेग पायाला कळत नाही. पंजा भाकरीसारखा पसरलाय, करंगळी तर वेगळीच निघालीय. आयुष्यात बूट कधी घातला नाही. दुकानदार म्हणे, "काका, दहा नंबर घ्या." लांबीला होडी, रुंदीला फास. सौ. म्हणाली, घ्या, पुढे कापूस घालू. म्हटलं, कापूस ठेव तुझ्या समईला. चिडून बाहेर आलो.

६ नोव्हें.
सापडला उपाय! पँटची तळपट्टी सोडली आणि लांबी दीड इंच वाढवली. खाली नवी काळी चप्पल, रुंद पट्ट्याची. आरशासमोर उभा राहिलो. पाय झाकले. चालताना अंगठा दिसतो तेवढाच. एवढा कोट समोर असताना पायांकडे कोण बघतो? आणि दारात परका थोडाच आहे.
सौ.ला सांगितलं नाही. उगाच वाद.

९ नोव्हें., बोटीवर
कुडाळहून गाडीने मुंबई, तिथून बंदर. तपासणीत माझी कात्री काढून घेतली. चाळीस वर्षांची सोबत! नावाची चिठ्ठी लावून ठेवलीय, उतरताना देतील. "कात्री हाडलातच कित्याक?" सौ. वैतागली. सवय, दुसरं काय. सुईदोरा तेवढा सोडला.

संदेश जिन्याशी उभा होता. काळा कोट, पांढरे हातमोजे. लोकांसमोर "वेलकम सर, वेलकम मॅडम." सौ. पदराआड हसली. खोलीत येऊन तिला नमस्कार केला, मला केला, आणि पळाला. पाहुण्यांच्या टेबलावर कामावरच्या माणसांना बसता येत नाही म्हणे. म्हणजे लेकाच्या बोटीवर लेकाबरोबर चार घास खाता येणार नाहीत. असो.

१० नोव्हें.
सौ. पहाटेच उठून डाव्या हाताला आपला किनारा शोधत होती. धुक्यात काही दिसेना. तरी कुठल्याशा दीपगृहाला हात जोडून आली.

इथली तऱ्हा वेगळी. मोठ्याने कोणी बोलत नाही. चमचा पडला तर पाच जण वळून बघतात. रोज संध्याकाळी दाराखालून एक कागद सरकवतात, त्यावर दुसऱ्या दिवशीचा पोशाख छापलेला. दुपारी पोहायच्या तलावाकाठी अर्ध्या चड्डीत, वाळत घातलेल्या मुशी माशांसारखी पडलेली माणसं सहा वाजले की गायब, आणि सातला तीच माणसं इस्त्रीत. बायका लांब झग्यात, अत्तराचा घमघमाट. एक म्हातारं जोडपं काठी टेकत आलं, पण कोट काय सुंदर! हाताने टाचलेली कॉलर. बघत उभा राहिलो तर सौ.ने ओढून नेलं. दुसऱ्या एकाच्या बाह्या बोटांवर लोंबत होत्या. बोटीवर भाड्याने कोट मिळतात, त्यातला असणार.
माझ्या कोटाने मान खाली घालावी असं इथे काही नाही.
उद्या फॉर्मल.

१२ नोव्हें.
काल लिहवलं नाही. आज लिहितो.

सात वाजता गेलो. दारात संदेश, शेजारी त्याचा गोरा साहेब. आमच्या पुढे एक गोरा होता, टाय नव्हता. संदेशने कानाशी काही सांगितलं. तो मुकाट्याने मागे फिरला. मग आम्ही. संदेशने कोट बघितला. खांद्यावरून नजर फिरवली. चेहरा असा फुलला की काय सांगू. आणि मग नजर खाली गेली.

माणूस पायांपर्यंत बघायचा, हे मीच शिकवलं त्याला. कापायच्या टेबलाखाली बसायचा आणि गिऱ्हाइकांच्या पँटची लांबी सांगायचा, आठ वर्षांचा असताना.

हळूच म्हणाला, "बाबा, पँट दीड इंच लांब आसा. तुमचा माप कधी चुकना नाय."
मी टाय चाचपला.
"चपला आसत मां?"
मी अंगठा आत ओढला. तेव्हा साहेबाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आय ॲम सॉरी, सर."
सर!

सौ.च्या पायातही चपलाच. पण बायकांना चालतात. म्हटलं, चल. तर ही म्हणते, "माझी चप्पल चलता, मगे मी कित्याक उपाशी रवां?" आणि गेली आत.

मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे कसंही चालतं. अर्ध्या चड्डीतल्या लोकांत कोट-टाय घालून हातात ताट घेऊन रांगेत उभा. भात घेतला, तसाच ठेवून आलो.

लंगोटापासून शिवून घातलं ज्याला, त्याने मला दारातून परत पाठवलं. शिरा पडो त्या बोटीवर.

१२ नोव्हें., दुपारी
राग गेलेला नाही. पण खरं ते लिहितो. त्याने सोडलं असतं तर पोटभर जेवलो असतो आणि खोलीत येऊन सौ.ला म्हटलं असतं, पोरगं कामात कच्चं. टाय नाही म्हणून गोऱ्याला परत पाठवायचं आणि बापाला आत घ्यायचं? माझ्या दुकानात चाललं असतं का? वऱ्हाड दारात खोळंबलेलं असताना मी नवरदेवाची वाकडी बसलेली बाही उसवलीय. सख्ख्या मेव्हण्याची.
तरीही सर म्हणायला नको होतं.

१३ नोव्हें.
संदेश येऊन गेला. दहा मिनिटांची सुट्टी. खुर्ची असून बसला नाही.
"बाबानू, साहेब बाजूक होतो."
"नसतो तर?"
त्याने हातमोजे ओढून नीट केले. मग म्हणाला, "तरी पण."

मी खिडकीतून पाणी बघत राहिलो. बरं वाटलं आणि झोंबलंही. त्याने पिशवीतून स्वतःचे जुने बूट काढून पलंगाखाली ठेवले. नऊ नंबर, पण वापरून चामडं मऊ झालंय म्हणाला. पंधराला शेवटची फॉर्मल, सोळाला उतरायचं. जाताना पाया पडला. आशीर्वाद दिला, पण तोंडाने नाही.

१४ नोव्हें.
बूट घालून बघितले. ओले टॉवेल कोंबून रात्रभर ठेवले होते, पावडरही लावली. पाय गेला एकदाचा. चार पावलं टाकली आणि पलंगावर बसलो. करंगळीतून कळ डोक्यापर्यंत. म्हटलं, नाही जमत. संपलं.

सौ.ने बूट पुन्हा पलंगाखाली ठेवले. जेवून आल्यावर बोलली. फॉर्मलच्या दिवशी आत खिडकीजवळच्या टेबलावर दोघांची नावं होती. तिची खुर्ची संदेशनेच ओढली. समोरची रिकामी. वेटर ती उचलायला आला तर संदेशने नको म्हटलं. "माझा जेवाण होयसर दोनदा येऊन त्या खुर्चीच्या पाठीक हात ठेवून गेलो," म्हणाली.

हे तीन दिवस पोटात ठेवलं होतं बाईने! ओरडलो तिच्यावर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दारापासून टेबलापर्यंत चोवीस पावलां. मी मोजलंय."

१५ नोव्हें.
सकाळपासून पँट घेऊन बसलो. दीड इंच पुन्हा आत घेतला. कात्री नाही, दोरा दातांनी तोडला. हाताची टीप, पण मशीनला लाजवील अशी. आता लांबी बरोबर आहे. बूट असेल तर बुटावर बसते, चप्पल असेल तर चप्पल अख्खी दिसते. लपवाछपवी नको.

कोट घातला. सौ.ने टाय सरळ केला. देवळात पायातलं बाहेर काढून आत जातो, इथे बाहेर चढवून आत जायचं. तसंच करतो. दारापर्यंत पायात चपला, बूट हातात. लोक हसले तर हसू देत. संदेशसमोर बसून घालीन. मग चोवीस पावलं.

खोलीत आत्ता पुन्हा चालून बघितलं. अकराव्या पावलाला भिंत धरावी लागली. तिथे भिंत नाही.

सौ. दार उघडून उभी आहे. सात वाजायला आले. बूट घेतलेत हातात.